अक्काला सांगायचा निरोप

फोनवर मला सांगितलं होतं, "अक्काला म्हणावं, आईला जास्त झालंय. आत्ताच्या आत्ता निघ." मी वावरात जाऊन तिला सांगितलं, "आईला जरा बरं नाही म्हणतात. सवडीनं येऊन जा म्हणाले." या दोन निरोपांच्या मध्ये आमच्या ओसरीपासून झेंडूच्या वावरापर्यंतची वाट होती, चालत चार मिनिटांची. तेवढ्यात निरोप बदलला आणि तो मी बदलला. लाइन खराब नव्हती. माझ्या ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं लिहिताना मी पुन्हा सावरून घेईन अशी मला भीती वाटते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. कासुर्डीच्या बाजूला आमची वस्ती. तिथं फोन फक्त आमच्या घरी. यवतवरून खांब आले, तार आली आणि ओसरीत स्टुलावर, आईनं विणलेल्या रुमालाखाली, लाल रंगाचा फोन बसला. वस्तीवरच्या सगळ्यांनी आमचाच नंबर आपापल्या पाहुण्यांना देऊन ठेवला होता. लग्नाच्या पत्रिकेवर खाली कोपऱ्यात तो छापलेला असायचा, पुढं कंसात पी. पी., म्हणजे फोन शेजारच्याचा. पाहुण्यांचा फोन आला की आम्ही 'दहा मिनिटांनी लावा' म्हणायचो आणि माणूस बोलवून आणायचो. कुणी रानात लांब असलं तर निरोप घेऊन जायचा. घरात हे काम माझ्याकडं होतं. दौंडच्या कॉलेजात बी. कॉम. करून परत आलो होतो, नोकरी नव्हती, फुलांची शेती वडिलांबरोबर बघत होतो. निरोप सांगायला गेलो की माणसं हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडं बघायची. सव्वीस वर्षांच्या मला ते आवडायचं, हेही कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडं वाईट बातमी आहे तशी सांगत नाहीत. माणूस गेला तरी निरोप 'जास्त आहे' असाच येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला एस.टी.त बसून घरापर्यंत जाता यावं. खरंच जास्त असेल तरी 'जास्त' म्हणतात. साधं दुखणं असलं की 'जरा बरं नाही'. ही पायरी वस्तीवरच्या लहान पोरालाही कळते. 'जास्त' ऐकलं की बाई चुलीवरचा तवा उतरवते. 'जरा' ऐकलं की म्हणते, बघू, बाजारच्या दिवशी जाऊन येऊ. म्हणजे मी काय करतोय ते मला पुरतं ठाऊक होतं.

अक्का आमच्या बांधाला बांध असलेल्या घरातली सून. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. त्यांच्याकडं तिच्या सासऱ्याच्या तरुणपणापर्यंत मेंढरं होती, मग कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि ऊस आला. तिचं माहेर शिरूर तालुक्यात, भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या पुढं. तिथं मात्र तिच्या आईनं शेवटपर्यंत पंधरा-वीस मेंढरं राखली. दर दिवाळीला अक्का माहेराहून आली की आमच्या घरी लोकरीची गुंडी किंवा शेंगांचं गाठोडं यायचं. मला ती 'भाऊ' म्हणायची. वस्तीवरच्या बायांची कामाची टोळी तिच्या शब्दावर चालायची. कुणाच्या वावरात कधी जायचं, किती वाजता सुटायचं, हे ती ठरवायची आणि बाकीच्या ऐकायच्या.

त्या दिवशी दसरा दोन दिवसांवर आला होता. आमचा दीड एकर झेंडू फुलून पिवळा झाला होता. टेम्पो संध्याकाळी पाचला पुण्याच्या मार्केटला निघायचा होता आणि फुलं एक दिवस उशिरा पोचली तर उकिरड्यावर टाकायच्या लायकीची. अक्का, तिच्या दोन जावा आणि आणखी चौघी सकाळपासून तोडत होत्या. फोन आला तेव्हा अकरा वाजले असतील. अक्काचा भाऊ होता. त्याचा आवाज मी ओळखत होतो, दर महिन्याला एकदा तरी तो लावायचा आणि आधी माझी चौकशी करायचा. त्या दिवशी चौकशी केली नाही. निरोप सांगितला आणि विचारलं, "सांगाल ना लगेच?" मी म्हणालो, हे काय, निघालोच.

निघालो खरा, पण विहिरीजवळ माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. आमच्या बायांची एक रीत आहे. एकीच्या माहेराहून असा निरोप आला की बाकीच्या कामावर थांबत नाहीत. एक तिची पिशवी भरते, एक पोरं आपल्या घरी नेते, दोघी सोबत गाडीत बसतात, उरलेल्या तिच्या दारात जाऊन बसतात. त्या दिवशी 'जास्त झालंय' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत वावर रिकामं झालं असतं. अर्धा झेंडू झाडावर होता. वडील टेम्पोवाल्याशी बोलायला यवतला गेले होते. मी बांधावर उभा राहिलो, वाकलेल्या सात पाठी बघितल्या आणि मनाशी म्हणालो, पाच वाजेपर्यंतचा तर प्रश्न आहे. म्हातारीला याआधीही दोनदा जास्त झालं होतं आणि ती उठून बसली होती. संध्याकाळी खरं सांगू. एवढंच तर आहे.

अक्कानं मान वर करून विचारलं, "कुनाचा फोन, भाऊ?"

मी सांगितलं. 'सवडीनं' हा शब्द मी वरून घातला. भावानं सवडीचं काही म्हटलं नव्हतं.

ती उभी राहिली. ओच्यात फुलं होती. म्हणाली, "खोकला आसंल. औशीद घेत न्हाई ती. उंद्या सकाळी जाते." तिची धाकटी जाऊ हसत म्हणाली, लेकीला दसऱ्याला बोलवायचं म्हातारीचं निमित्त आहे सगळं. अक्का पण हसली. मी पण हसलो. मग त्या पुन्हा वाकल्या.

तीनच्या सुमारास घरात फोन वाजायला लागला. आई शेजारी गेली होती. मी वावराच्या अलीकडच्या टोकाला क्रेट भरत होतो आणि वारा घराकडून असल्यानं मला तो ऐकू येत होता. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. अक्का म्हणाली, "भाऊ, फोन वाजतोय जनू." मी म्हणालो, वाजू दे, एक्स्चेंजवाले लाइन तपासत असतात. तिसऱ्यांदा वाजला नाही.

दिवेलागणीला तिच्या माहेरचा एक माणूस मोटरसायकलवर आला. तोवर टेम्पो पुण्याच्या वाटेला लागला होता. म्हातारी तीन वाजता गेली होती. अकरा वाजता ती शुद्धीत होती, आणि तोंडानं एकच विचारत होती, लेक निघाली का. अकराला निघून वडापच्या जीपनं चौफुला आणि तिथून न्हावऱ्याची गाडी धरली असती तर अक्का दोनच्या आत आईच्या उशाशी पोचली असती. लेकीसाठी म्हणून त्यांनी दिवस कलेपर्यंत वाट पाहिली, मग उचललं. आईच्या तोंडात अक्काच्या हातचं पाणी पडलं नाही, अक्काला आईचं तोंडही दिसलं नाही.

अक्का त्याच रात्री माहेरी गेली. तिथं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, आई वाट बघत गेली आणि तू फुलं तोडत बसलीस. अक्का म्हणाली, तू 'जरा' म्हणून निरोप धाडलास, वर 'सवडीनं ये' म्हणालास. तो म्हणाला, मी असं म्हणालोच नाही. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता.

तेराव्यानंतर अक्का परत आली. दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीत येऊन फोनच्या स्टुलाजवळ खाली बसली. डोळे सुजलेले होते, पण रडत नव्हती. म्हणाली, "भाऊ, मला खरं सांगा. माजा भाऊ नेमका काय म्हनला व्हता?"

माझी वेळ तीच होती. घरात आई होती, वडील पान लावत बसले होते. तेव्हा बोललो असतो तर गोष्ट तेरा दिवसांची राहिली असती. मी म्हणालो, "हेच की अक्का. जरा बरं नाही म्हणाला." तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मग मी उगी कशाला माज्या डोक्याला तरास देऊ. त्यानंच लपिवलं. वाटणीचं भ्या वाटलं आसंल त्याला." ती गेल्यावर वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं, नुसतं बघितलं असेल. मी उठून विहिरीवरची मोटार चालू करायला गेलो.

आठवड्यानं भावाचाही फोन आला. त्यानं विचारलं, तुम्ही माझा निरोप सांगितला होता ना. मी म्हणालो, हो, सांगितला. त्यात खोटं काही नव्हतं, अशी मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.

त्यानंतर अक्का माहेरी गेली नाही. पहिल्या राखीपौर्णिमेला ती ताट घेऊन आमच्या घरी आली. म्हणाली, माझा भाऊ तिकडं मेला, आता तुम्हीच. मी हात पुढं केला. तिनं राखी बांधली, पेढा भरवला. भाऊबीजेला ओवाळलं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं. माझ्या बायकोला तिचं फार कौतुक. सख्खी नणंद करणार नाही एवढं करते म्हणायची. राखी मी दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या आधी सोडायचो आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायचो, टाकवत नसे.

या सगळ्यात मी वाईट जगलो असं नाही. कुरकुंभच्या बाजूला एका कंपनीत स्टोअरला लागलो. तिथं दिवसातून दहा वेळा 'किरकोळ आहे, बघून घेऊ' म्हणायचो आणि लोकांना मी समजूतदार वाटायचो. घरी मुलगा पडला तर 'काही नाही, जरासं खरचटलंय', बायको रुसली तर 'एवढ्यावरून काय', वडिलांचा हात कडबाकुट्टीत सापडला तेव्हा डॉक्टरांच्या आधी मीच 'नुसतं कातडं गेलंय' म्हणून मोकळा. या शब्दांनी कुणाचं दुखणं कमी होत नाही, फक्त आपल्याला उठावं लागत नाही. हे मला त्या वेळी कळत होतं का? अधूनमधून कळायचं. रात्री जेवताना बायको म्हणायची, तुम्ही कधी घाबरत नाही हो कशाला.

दहाएक वर्षं गेली. मोबाइल आले, ओसरीतला लाल फोन बिल न भरल्यामुळं बंद झाला आणि पुढं पोरांचं खेळणं झाला. अक्काच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, पाटसच्या पुढचं स्थळ. एका रविवारी अक्का पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आली. मी सुट्टीला केडगावला छापखान्यात जाणार होतो, म्हणून तो कागद तिला माझ्याकडं द्यायचा होता. तिच्या धाकट्या मुलानं सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं होतं. आजोबा, चुलते, आत्या, सगळ्यांची नावं. 'मामा' असं लिहून पुढं जागा कोरी सोडली होती.

तिनं बोट ठेवलं. "हितं तुमचं नाव घाला."

मी म्हणालो, अक्का, मी कसा मामा, जात वेगळी, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, माझ्या आईच्या वेळंला लोकांनी माझ्याकडं बघितलं का. मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, भाऊ. माज्या पोरीला मामा न्हाई. तुम्हीच तिला घरातून मांडवात आनायची."

कागद माझ्याकडं ठेवून ती गेली. आमच्याकडच्या लग्नात मुलीला हाताला धरून मांडवात आणतो तो मामा. अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामा. लाऊडस्पीकरवर पुकारतात, मुलीचे मामा लवकर या. तो खरा माणूस पुलापलीकडं जिवंत होता, धडधाकट होता, आणि त्याच्या जागेवर मला उभं करायला निघाले होते, मीच त्याला तिथून काढल्याबद्दल. मी कागद दोनदा वाचला. छापखाना दुपारी बंद व्हायचा होता. मी केडगावला गेलो नाही. कागद खिशात घालून बांध ओलांडून अक्काच्या घरी गेलो.

ती पडवीत गव्हातले खडे वेचत होती. घरात कुणी नव्हतं, तिचे मालक, आमचे दाजी, गुरांकडं गेले होते. मला बघून म्हणाली, "एवढ्यात आलात? छापखाना बंद हाय का?"

मी समोर खाली बसलो. वाटेत सगळी वाक्यं जुळवून आणली होती. तोंड उघडलं आणि म्हणालो, "अक्का, आईच्या वेळचा तो निरोप सांगताना माझ्याकडून जराशी..."

तिथं माझं मलाच ऐकू आलं. दहा वर्षांनी सुद्धा मी 'जराशी'पासून सुरुवात केली होती. मी थांबलो. अक्काचा हात गव्हात तसाच राहिला.

"जराशी काय?" तिनं विचारलं.

मग मी सांगितलं. भावाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. झेंडूचं सांगितलं, सात पाठींचं सांगितलं. तीन वाजता वाजणारा फोन मी मुद्दाम घेतला नाही आणि एक्स्चेंजचं कारण बनवलं, तेही सांगितलं. माझं संपल्यावर सूप बाजूला सारलं आणि एकच विचारलं.

"आन् तेराव्यानंतर मी तुमच्या वसरीत इचारायला आले, तवा?"

"तवा पण खोटं बोललो."

ती दाराकडं बघत बसली. अंगणातली कोंबडी गव्हावर येत होती, तिनं हाकलली नाही. मला वाटत होतं, तिनं शिव्या द्याव्यात, सूप फेकून मारावं. ती म्हणाली, "आई इचारत व्हती व्हय, लेक निघाली का म्हनून. त्यो सांगत व्हता मला. मी म्हनलं, खोटं बोलतोय." मग म्हणाली, "राखी बांदली मी तुमाला."

मी पत्रिकेचा कागद खिशातून काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

मी उद्या सकाळी न्हावऱ्याला जातो, तुझ्या भावाच्या पायावर डोकं ठेवतो, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. उठून आत गेली, पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात कॅलेंडरचा फाडलेला कोपरा होता, त्यावर पेन्सिलीनं दहा आकडी नंबर. भावानं मोबाइल घेतल्यावर कुणाकडून तरी तो तिच्यापर्यंत आला होता. तिनं कधी लावला नव्हता आणि टाकूनही दिला नव्हता.

"उंद्या न्हाई," ती म्हणाली. "सवडीनं न्हाई. आत्ता लावा. आन् या टायमाला पदरचं काय घालू नका. जसं झालं तसं सांगा."

ती माझ्यासमोर बसली, गुडघे जवळ घेऊन, पदर तोंडाशी धरून. मी नंबर लावला. एक आकडा चुकला, पुन्हा लावला. चार वेळा वाजल्यावर त्यानं उचलला. मागं मेंढरांचा आवाज येत होता. "कोन?" तो म्हणाला. आवाज जाड झाला होता, पण तोच होता.

मी माझं नाव सांगितलं. कासुर्डीवरून बोलतोय म्हणालो. मागचा मेंढरांचा आवाज लांब गेला, तो बाजूला आला असावा. मग त्यानं विचारलं, "अक्का बरी हाय ना?"

मी म्हणालो, "अक्का बरी आहे. माझ्यासमोर बसली आहे, ऐकते आहे. तुमची आई गेली त्या दिवशी तुम्ही मला 'जास्त झालंय, आत्ता निघ' असा निरोप दिला होता. मी तो तिला सांगितला नाही. माझी फुलं तोडायची राहतील म्हणून मी तिला 'जरा बरं नाही, सवडीनं जा' असं सांगितलं. नंतर तिनं विचारलं तेव्हा तुमच्या नावावर खोटं बोललो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हालाही फसवलं. ती तुमच्याशी खोटं बोलली नाही, तुम्ही तिच्याशी खोटं बोलला नाहीत. तिची आणि आईची भेट मी चुकवली. तुमची दोघांची इतकी वर्षं मी घालवली. मी तुमची माफी मागतो, आणि हिची मागतो."